बी.एड. करताना वस्तीतल्या मुलांचा वर्ग घेतल्याचा खरंच उपयोग होतो का?

तुम्ही लिहिलंय की बी.एड.चं पहिलं वर्ष चालू आहे, वस्तीतल्या मुलांचा संध्याकाळचा वर्ग घ्यायला बोलावणं आलंय आणि घरचे म्हणतायत, ‘त्यापेक्षा टीईटीचा (शिक्षक पात्रता परीक्षेचा) अभ्यास कर.’ नोकरीच्या हिशेबाने घरच्यांचं बरोबर आहे. शिक्षकभरतीच्या पवित्र पोर्टलवर अभियोग्यता चाचणीचे गुण बघतात, तुम्ही कोणाच्या पोरांना पाढे शिकवले ते कोणी विचारत नाही.

तरी वर्ग घ्या. चुकणारं मूल कॉलेजात भेटत नाही. सूक्ष्म अध्यापनाला, म्हणजे छोट्या सराव पाठाला, समोर विद्यार्थी म्हणून आपलेच मित्र बसतात. त्यांना चहाला जायची घाई, म्हणून उत्तर बरोब्बर देतात, आपण शाबास म्हणतो, ‘प्रबलन’ म्हणजे शाबासकी देण्याच्या कौशल्याचे गुण पडतात. इंटर्नशिप दोन वर्षांत मिळून २० आठवडे, त्यातले किती पाठांच्या टाचणांवर सह्या घेण्यात जातात ते कळेलच.

मी सोलापूरचा. बी.एड. करताना पूर्व भागात एका देवळाच्या मंडपात असाच वर्ग घ्यायचो. शेजारी यंत्रमाग, त्यामुळे ओरडूनच शिकवायचं. बहुतेक पोरं पद्मशाली घरांतली, घरी तेलुगू, शाळेत मराठी. तिसरीतली एक मुलगी होती. ‘त्रेपन्न लिही’ म्हटलं की पाटीवर ३५. ‘अठ्ठेचाळीस’ म्हटलं की ८४. शाळेत तिला ‘ढ’ ठरवून मोकळे झाले होते. आणि हीच पोरगी आईच्या विड्यांचा हिशेब तोंडी करायची. कारखान्यात हजार विड्या नेल्या, तिथल्या चेकरने इतक्या खराब म्हणून काढल्या, मग किती धरल्या, पैसे किती व्हायला पाहिजेत. आई हिशेबाचं कार्ड तिच्यापुढे धरायची आणि ती कारकुनाचा आकडा तपासायची!

एकदा मी तिला लिहिताना मोठ्याने बोलायला लावलं. ‘त्रे’ ऐकलं की तिने ३ काढला, मग ‘पन्नास’ म्हणत शेजारी ५. चुकलं कुठे? कानावर ज्या क्रमाने आलं त्या क्रमाने तिने लिहिलं. तेलुगूत ‘याभै मूडु’, आधी पन्नास, मग तीन. कन्नड, इंग्रजीतही तसंच. मराठीत एकक आधी बोलायचा आणि नंतर लिहायचा. आपण लहानपणापासून ऐकतो म्हणून आपल्याला खटकत नाही. मग मी नियम केला, आधी तेलुगूत म्हणायचं, मग पाटीला पेन्सिल लावायची. ती म्हणाली, ‘सर, मग पयल्यांदाच असं सांगायचं की.’ वजाबाकी, हातचा, सगळं तिला येतच होतं.

आमचे भावजी निवृत्त मुख्याध्यापक. त्या काळात भेटले की एकच पालुपद, ‘फुकटची समाजसेवा, यातून कोणी शिक्षक होत नसतो.’ २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणितात ‘त्रेपन्न’बरोबर ‘पन्नास तीन’ असं वाचन आलं आणि राज्यभर चेष्टा झाली, तेव्हा भावजी एका बारशात पंगतीतच सुरू झाले, मराठीची वाट लावली म्हणून. मी विचारलं, तुमच्या शाळेत त्रेपन्नला ३५ लिहिणारी पोरं नव्हती का? म्हणाले, ‘होती की, कच्ची पोरं सगळीकडे असतात.’ इतकी वर्षं खडू हातात धरून त्या पोरांना ‘हे असंच का लिहिलंस’ एवढं विचारावंसं वाटलं नाही, आणि हे मला सांगणार शिक्षक कसा होतो! जुनी संख्यानावं आली पाहिजेत, पुस्तकातही ती होतीच. पण पुस्तकाची समिती काय म्हणतेय हे मला पहिल्या झटक्यात कळलं ते मंडपातल्या त्या पाटीमुळे. आज माझ्या वर्गात कोणी चुकलं की मी आधी त्याला तोंडाने बोलायला लावतो. ही सवय बी.एड.च्या कुठल्याच पेपरातून आलेली नाही.

आता दुसरी बाजू. मंडपात पोरं आपणहून येतात, कंटाळली की उठून जातात. शाळेत साठ जण घंटा होईपर्यंत बसवून ठेवायचे असतात, ते वेगळं काम आहे आणि ते तिथे शिकायला मिळत नाही. पोरांपेक्षा फोटो जास्त काढणारी संस्था असेल तर महिनाभरात बाहेर पडा. टीईटीला १५० पैकी ९० लागतात (आरक्षणात सवलत आहे), त्याचा अभ्यास सकाळी करा, संध्याकाळी नाहीतरी डोकं चालत नाही. आणि रोज येते असं कबूल करू नका. आठवड्यातले दोन-तीन वार ठरवून घ्या, कारण एकदा पोरं वाट बघायला लागली की परीक्षेच्या महिन्यातही सुट्टी मागता येत नाही.