जंगलात दिसणारी कळलावी घरच्या कुंडीत लावता येईल का?

हो, येते, पण बी पेरू नका, कंद लावा. बियांच्या रोपाला फुलायला काही वर्षं लागतात. माझ्या गच्चीत तिचा हा चौथा पावसाळा. कंद नांगरासारखा वाकडा असतो (संस्कृतात लांगली म्हणतात ते त्यामुळेच) आणि डोळा (जिथून कोंब फुटतो तो) अगदी टोकाला. तो मोडला की कंद गेलाच! मेअखेरीस निचऱ्याच्या मातीत दोन-तीन इंच खोल, आडवा ठेवा. पानांची टोकंच वळून आधार धरतात, म्हणून बारीक काटक्या खोचा. पावसाळ्यानंतर वेल वाळते, तेव्हा उपटू नका, फक्त पाणी थांबवा. मात्र सगळी वेल, विशेषतः कंद, कोल्चिसीन या द्रव्यामुळे जीवघेणा विषारी आहे. घरात रांगतं मूल किंवा कुत्रं-मांजर असेल तर नकोच.