दारापुढची जागा, बाजारचा दिवस आणि गाडी लावण्याचे नियम

नमस्कार भाऊसाहेब. आपण विचारले आहे की, अमळनेरातील आपल्या गल्लीत बाजाराच्या दिवशी बाहेरगावचे लोक गेटसमोर गाड्या लावून निघून जातात आणि हटकले तर भांडण होते, तेव्हा घरापुढे दगड ठेवून किंवा लोखंडी अँगल रोवून जागा राखता येईल का. मी राज्य परिवहनच्या बसवर 27 वर्षे चालक होतो आणि त्यातील बराच काळ अमळनेर, चोपडा, पारोळा, धुळे याच पट्ट्यात गेला. निवृत्तीनंतर मीही अशाच एका जुन्या गल्लीत राहतो, त्यामुळे आपली अडचण मला नीट ठाऊक आहे.

आधी दगडांविषयी लिहितो, कारण ते उत्तर आपल्याला आवडणार नाही. आपल्या ओट्याच्या पायरीपुढे जो रस्ता सुरू होतो तो सार्वजनिक आहे, आणि त्यावर दगड, ड्रम, कुंड्या किंवा अँगल ठेवण्याचा अधिकार घरमालकाला नाही. उलट सार्वजनिक वाटेत अडथळा केल्याबद्दल भारतीय न्याय संहितेच्या कलम 285 खाली 5000 रुपयांपर्यंत दंड आपल्यालाच होऊ शकतो. रात्री वीज गेलेली असताना एखादा मोटारसायकलवाला त्या दगडावर आदळला तर दंडाची गोष्ट बाजूलाच राहील. गेटवर स्वतः रंगवून घेतलेली ‘नो पार्किंग’ची पाटी लावायला हरकत नाही, परंतु ती विनंती समजावी, कारण वाहतुकीची अधिकृत चिन्हे सक्षम अधिकाऱ्याच्या आदेशानेच लागतात.

मात्र गेटसमोर गाडी लावणे चूक ठरण्यासाठी पाटीची गरजच नाही. वाहन चालविण्याचे जे केंद्रीय विनियम 2017 पासून लागू आहेत, त्यांनुसार कोणाच्याही आवाराच्या प्रवेशद्वारापुढे, पदपथावर, चौकाजवळ, बसथांब्याजवळ, शाळा व दवाखान्याच्या दाराशी, किंवा आधीच उभ्या असलेल्या गाडीला लागून दुसरी रांग करून गाडी लावता येत नाही. याचा पहिला दंड 500 रुपये आणि पुढच्या वेळी 1500 रुपये असून, महाराष्ट्रात हे वाढीव दर डिसेंबर 2021 पासून आहेत. मोटार वाहन कायद्याच्या कलम 127 प्रमाणे मनाई असलेल्या जागी लावलेली गाडी गणवेशातील पोलीस अधिकारी हलवायला लावू शकतो. हा अधिकार त्याचा आहे, आपला नाही. चाकातली हवा सोडणे किंवा काचेवर ओरखडे काढणे हे प्रकार कृपा करून करू नका, कारण त्यानंतर तक्रारदार समोरचा होतो आणि आपण आरोपी होता.

आता ज्या गोष्टीकडे कोणी फारसे लक्ष देत नाही, ती सांगतो. आपल्याकडे गाडी लावणारा माणूस आपली गाडी तिथे मावते की नाही एवढेच पाहतो, पण खरे तर तिच्या बाजूने मोठ्यात मोठे कोणते वाहन जावे लागेल ते पाहायला हवे. गल्ली कागदावर 20 फुटांची असली, तरी ओटे, पायऱ्या आणि गटार सोडून प्रत्यक्षात 16 फूट उरते. साधी मोटार आरशांसह सुमारे 6 फूट जागा घेते, म्हणजे एका बाजूला मोटार लावली तर 10 फूट राहतात आणि अग्निशमनचा 8 फुटी बंब कसाबसा निघतो. तिच्या बरोबर समोर दुसरी मोटार लागली की उरतात फक्त 4 फूट. दोघांनीही आपापल्या घराला चिकटून, अगदी सरळ गाडी लावलेली असते आणि तरीही गल्ली बंद झालेली असते.

हे मी अनुभवाने लिहितो आहे. काही वर्षांपूर्वी आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आमच्या गल्लीतील एका वयस्कर बाईंच्या छातीत कळ आली. 108 ची रुग्णवाहिका वेळेवर आली, पण समोरासमोर लागलेल्या दोन मोटारींपाशी अडकली, आणि दुपारच्या उन्हात चौघांनी त्यांना खाटेसह उचलून रस्त्यापर्यंत नेले. त्या वाचल्या. त्या दोन मोटारींपैकी एक माझ्याच घरी जेवायला आलेल्या पाहुण्यांची होती. त्या दिवसापासून पाहुणे येणार असले की मी आधी फोन करून त्यांना गाडी पलीकडच्या मोकळ्या बखळीत लावायला सांगतो, आणि त्यात मला कसलाही संकोच वाटत नाही.

वळणावर गाडी लावण्याविषयी एक चालक म्हणून सांगितलेच पाहिजे. बस वळताना तिचे मागचे चाक पुढच्या चाकाच्या मागोमाग न जाता वळणाच्या आतल्या बाजूने जाते, त्यामुळे कोपऱ्यावर साईड स्टँडवर लावलेली एक मोटारसायकल पन्नास प्रवाशांची गाडी आडवी थांबवू शकते. हँडल लॉक केलेले असेल तर वाहकाने उतरून चार जणांना बोलावून ती उचलण्यावाचून मार्ग राहत नाही. मोटारसायकल डबल स्टँडवर, ओट्याला समांतर लावली तर जागा निम्मी लागते. मे महिन्यात 44 अंशांच्या उन्हात कडुनिंबाची सावली पाहून प्रत्येक जण तिथेच गाडी घालतो हे मला समजते, पण ती सावली नेमकी वळणावर असेल तर सीट तापलेले परवडले.

बाजारकऱ्यांशी बोलताना एक पथ्य पाळा. खेड्यावरून ट्रॅक्टर किंवा छोटा हत्ती घेऊन आलेल्या दादाला ‘इथे लावू नका’ एवढेच सांगितले तर तो चिडणारच, कारण कुठे लावायची हे त्याला कोणीच सांगितलेले नसते. ‘भाऊ, आजीला दवाखान्यात न्यायचे आहे, गाडी तेवढी पलीकडे मैदानात लावा’ असे म्हटल्यावर नाही म्हणणारा माणूस मला क्वचितच भेटला. तरीही कोणी गेट अडवून निघून गेलाच, तर गाडीच्या क्रमांकासह फोटो काढून 112 ला कळवा आणि स्वतः वाद घालू नका.

दुखण्याचे मूळ मात्र बाजारासाठी ठरवून दिलेला वाहनतळ नसणे हेच आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. वाहने उभी करण्याच्या जागा स्थानिक संस्थेशी विचारविनिमय करून निश्चित करण्याची तरतूद मोटार वाहन कायद्याच्या कलम 117 मध्ये आहे. गल्लीतील पंधरा-वीस घरांच्या सह्या घेऊन नगरपरिषदेच्या मुख्याधिकाऱ्यांना अर्ज द्या आणि त्याची प्रत पोलीस ठाण्यात देऊन पोच घ्या. अर्जात दोनच मागण्या ठेवा: बाजाराच्या दिवसापुरते एखादे मोकळे मैदान वाहनतळ म्हणून जाहीर करून मुख्य रस्त्यावर तशी पाटी लावावी, आणि गल्लीत सम तारखेला एका बाजूला व विषम तारखेला दुसऱ्या बाजूला वाहने लावण्याचा आदेश व्हावा. अर्ज करण्यापूर्वी बाजाराच्या दिवशी सकाळी अकराच्या सुमारास टेप घेऊन उभ्या गाड्यांमधील अंतर तीन-चार ठिकाणी मोजा, प्रत्येक ठिकाणचा फोटो काढा आणि ते आकडे अर्जासोबत जोडा. मसुदा तयार झाला की इथे टाका, मी वाचून दुरुस्त्या सुचवीन.