'पात्रता फेरीसाठी पात्र' म्हणजे आत की बाहेर?

प्रश्न असा आहे: 'एफसी गोवा आशियाई स्पर्धेच्या पात्रता फेरीसाठी पात्र' असं वाक्य वाचनात आलं, एकाच ओळीत दोनदा पात्र, ही चूक आहे का? आणि क्वालिफाय होणे याला 'पात्र ठरणे' सोडून मराठीत काही बरं आहे की नाही?

चूक नाहीये. पण तुम्हाला खटकलं ते योग्यच खटकलंय, कारण त्या दोन पात्रांचे अर्थ वेगळे आहेत.

आधी झालं काय ते बघू. मे २०२५ मध्ये एफसी गोवा या फुटबॉल क्लबने भुवनेश्वरला भारतातल्या सुपर कपच्या फायनलमध्ये जमशेदपूरला ३-० हरवलं आणि त्याचं बक्षीस म्हणून एएफसी (आशियाई फुटबॉल महासंघ) भरवते त्या क्लबांच्या चॅम्पियन्स लीग टूचा रस्ता उघडला, पण थेट ग्रुपमध्ये जागा नाही, आधी ओमानच्या अल सीबशी एक मॅच, घरच्या मैदानावर, फातोर्ड्याला. १३ ऑगस्टला ती २-१ जिंकली तेव्हा गोवा खरं आत गेलं. मोहन बागान मात्र आयएसएल या देशातल्या मुख्य लीगची शील्ड (साखळीत पहिलं येण्याचं बक्षीस) जिंकल्यामुळे सरळ ग्रुपमध्ये, त्यांना ही दार वाजवायची भानगड नाही. म्हणजे मे महिन्यात गोवा पात्र होतं ते फक्त दार वाजवायला, ऑगस्टमध्ये पात्र झालं ते आत बसायला, आणि आपण दोन्हीला शब्द वापरतो एकच.

आता शब्दाकडे. पात्र म्हणजे मुळात प्यायचं भांडं, संस्कृतातल्या पा म्हणजे पिणे या धातूपासून आलेलं. भांड्यात काहीतरी ओतायचं असतं, त्यावरून ज्याच्या पदरात दान टाकावं असा लायक माणूस तो पात्र, म्हणून तर सत्पात्री दान. (नदीचं पात्र आणि नाटकातलं पात्र ही याच घरातली भावंडं, पण त्यात शिरलो तर फुटबॉल राहून जाईल.) मुद्दा असा की पात्र या शब्दात लायकी आहे, मिळालंच असं नाही. 'पात्र उमेदवारांकडून अर्ज मागवण्यात येत आहेत' ही जाहिरात वाचून कोणी पेढे वाटत नाही. सीईटी द्यायला पात्र असलेली सगळी पोरं सीओईपीत जात नाहीत.

पण खेळाच्या पानावर 'पात्र ठरला' म्हणजे जागा पक्की. सगळा घोळ तिथे आहे. इंग्रजीत या दोन गोष्टींना एलिजिबल आणि क्वालिफाइड असे दोन वेगळे शब्द आहेत, आपण दोन्ही एकाच भांड्यात ओतल्या.

याचं मला आवडणारं उदाहरण मुंबई सिटीचं. एएफसीने आपलं कॅलेंडर बदललं, त्यामुळे भारतातले दोन सीझनचे शील्डविजेते एएफसी चॅम्पियन्स लीगच्या एकाच जागेसमोर येऊन उभे राहिले, २०२१-२२ चा जमशेदपूर आणि २०२२-२३ ची मुंबई. दोघेही पात्र, खुर्ची एक. मग ४ एप्रिल २०२३ ला केरळात मंजेरीला प्लेऑफ झाला, मुंबई ३-१ जिंकली आणि त्या सप्टेंबरमध्ये आमच्या बालेवाडीत इराणच्या नस्साजीशी खेळली. (०-२ हरली. असो.) तर जमशेदपूरबद्दल लिहिताना काय लिहाल? 'अपात्र ठरला' लिहिलंत तर घात, कारण अपात्र म्हणजे काहीतरी नियम मोडला, कागदपत्रात अडकला. जमशेदपूरने काहीच मोडलं नव्हतं, बिचारा फक्त हरला. म्हणजे 'पात्र ठरला' याच्या उलट 'अपात्र ठरला' होत नाही, 'पात्र ठरू शकला नाही' असं लांबलचकच म्हणावं लागतं, आणि जिथे शब्दाचं सरळ उलट करता येत नाही तिथे तो शब्द दोन कामं करतोय असं खुशाल समजावं.

खरोखर पात्र ठरून मग नियमात अडकलेला क्लब बघायचा असेल तर इंग्लंडचा क्रिस्टल पॅलेस. २०२५ ला त्यांनी मँचेस्टर सिटीला १-० हरवून एफए कप जिंकला, त्यातून युरोपा लीग या युरोपातल्या दुसऱ्या नंबराच्या क्लब स्पर्धेची जागा आली, आणि मग मालकीच्या नियमावर गाडी अडकली, एकाच माणसाचा हात त्यांच्यात आणि फ्रान्सच्या लियोंमध्ये, दोघे एका स्पर्धेत चालत नाहीत. युएफाने, म्हणजे युरोपच्या फुटबॉल महासंघाने, त्यांना खालच्या कॉन्फरन्स लीगमध्ये ढकललं. मैदानावर पात्र, कागदावर युरोपा लीगपुरते अपात्र. इथे दोन्ही शब्द शंभर टक्के बरोबर बसतात.

आता दुसऱ्या शब्दांचं. माझं मत, क्लब कुठल्या वाटेने आला ते बघून क्रियापद निवडा, मराठीत ती भरपूर आहेत. २०२१ ला मोल्दोव्हाचा शेरिफ तिरास्पोल चार पात्रता फेऱ्या खेळत युरोपच्या चॅम्पियन्स लीगच्या ग्रुपमध्ये पोचला (आणि रेआल माद्रिदला त्यांच्याच घरी २-१ हरवून आला), त्याला 'धडक मारली' हेच शोभतं. लीगमध्ये वरच्या नंबरात येऊन निवांत गेलेल्यांना धडक कसली, त्यांनी 'थेट प्रवेश मिळवला'.

आणि 'वर्णी लागणे' विसरू नका. वर्णी हा वरण म्हणजे निवडणे, नेमणे यातला शब्द, अनुष्ठानाला ब्राह्मण नेमायचे तो. म्हणजे वर्णी आपण लावत नाही, दुसरा कोणीतरी लावतो. २००५ चं लिव्हरपूल यात फिट्ट बसतं: इस्तंबूलला मिलानविरुद्ध ०-३ वरून चॅम्पियन्स लीग जिंकली, पण घरच्या लीगमध्ये पाचवे, इंग्लंडच्या चार जागा भरलेल्या, आणि विजेत्याला पुढच्या वर्षी हमखास जागा असा नियमच नव्हता. शेवटी युएफाने खास परवानगी दिली, तीही पहिल्या पात्रता फेरीपासून. युरोपचा विजेता वेल्सच्या छोट्याशा क्लबाशी पात्रता फेरी खेळतोय! याला वर्णीच म्हणायचं.

टॉटनहॅमचं काय म्हणावं यावर मी स्वतः अडकलोय. २०२४-२५ ला प्रीमियर लीगमध्ये वीसात सतरावे, पण युरोपा लीग जिंकली म्हणून चॅम्पियन्स लीगमध्ये. नियमाने चोख. तरी 'सतराव्या नंबरची टीम पात्र कशी' अशी भांडणं आमच्या कट्ट्यावर झाली, आणि त्यातलं अर्धं भांडण पात्र या शब्दाने लावलेलं, कारण त्यात तो लायकीचा वास आहेच. 'जागा पटकावली' म्हटलं असतं तर कोणी हूं की चूं केलं नसतं.

एक मात्र टाळा, हिंदीवरून उचललेलं 'तिकीट कापलं'. हिंदीत तिकीट कटवलं म्हणजे मिळवलं, मराठीत एखाद्याचं तिकीट कापलं म्हणजे इलेक्शनला त्याचा पत्ता कट झाला.

आणि 'स्पर्धेस पात्र' की 'स्पर्धेसाठी पात्र', तर साठीच घ्या. 'स पात्र' कौतुकास आणि शिक्षेस लागतं.