मुलीच्या नावाचं खोटं खातं, आणि पोलीस म्हणतात 'हद्द आमची नाही'

प्रश्न : मी खानापूर तालुक्यातला शेतकरी. मुलगी १९ वर्षांची, बेळगावात डिग्रीला आहे. भाचीच्या लग्नाचे फोटो मी फेसबुकवर टाकले होते. त्यातला मुलीचा फोटो उचलून कुणीतरी तिच्या नावानं इन्स्टाग्राम खातं उघडलं आणि तिच्या मोबाइल नंबरासकट घाणेरडा मजकूर टाकला. रात्री-अपरात्री फोन येतात. संशय चंदगडकडच्या एका मुलावर आहे. ठाण्यात गेलो तर 'महाराष्ट्रातला आहे, तिकडे जा' म्हणाले. मुलीचा फोन मी काढून घेतलाय. त्या मुलाचा फोटो स्टेटसला लावावा, असं घरचे म्हणतात. कॉलेज बंद करू का?

उत्तर : कॉलेज अजिबात बंद करू नका. गुन्हा दुसऱ्यानं केलाय, त्याची शिक्षा मुलीला का? फोनही तिला परत द्या, कारण पुरावा त्यातच आहे आणि फिर्याद तिलाच द्यायची आहे. ती सज्ञान आहे, तुम्ही सोबत जा.

हद्दीचं कारण सांगून तुम्हाला परत पाठवता येत नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे गुन्हा कुठेही घडलेला असो, दखलपात्र (म्हणजे पोलिसांना कोर्टाच्या हुकमाशिवाय तपास करता येतो असा) असेल तर माहिती नोंदवून घ्यावीच लागते. यालाच झिरो एफआयआर म्हणतात. आणि तुमच्या प्रकरणात तर फोन बेळगावात येतात, त्रास बेळगावात होतो. सायबर गुन्ह्यांसाठी तिथं सीईएन (सायबर, आर्थिक आणि अमली पदार्थांचे गुन्हे पाहणारं) पोलीस ठाणं आहे, तिकडे जा. तरीही नकार मिळाला तर तक्रार लेखी स्वरूपात पोस्टानं पोलीस अधीक्षकांना पाठवा. त्यानंतर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जाता येतं.

माहिती तंत्रज्ञान कायद्याची कलमं ६६-सी (दुसऱ्याची ओळख चोरणं) आणि ६६-डी (सोंग घेऊन फसवणं), तसंच भारतीय न्याय संहितेचं कलम ७९ (स्त्रीच्या विनयशीलतेचा अपमान) लावण्याची मागणी करा. तिन्हींत तीन वर्षांपर्यंत कैद आहे. कलम ७९ च्या फिर्यादीत मुलीचं म्हणणं महिला अधिकाऱ्यानंच नोंदवायचं असतं, हे तिला आधीच सांगा म्हणजे ती मोकळेपणानं बोलेल.

आता भाषेचं. घटनेच्या कलम ३५० च्या आधारे तुम्ही मराठीत अर्ज देऊ शकता. पण माझं ऐकाल तर सोबत कन्नड भाषांतर जोडा, तपास लवकर सुरू होणं आज जास्त गरजेचं आहे. एफआयआर कन्नडमध्ये असेल तर वाचून, समजावून घेतल्याशिवाय मुलीनं सही करू नये. एफआयआरची प्रत फुकट मिळते.

खातं आजच बंद पाडावं असं तुम्हाला वाटत असेल, पण आधी पुरावा जपा. खात्याचा पत्ता, तारीख, वेळ दिसेल असे स्क्रीनशॉट घ्या, आलेल्या कॉलची यादी ठेवा, फोन फॉरमॅट करू नका. कोर्टात या छापील प्रतींसोबत भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ चं, म्हणजे इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठीचं, प्रमाणपत्र लागतं. हे झालं की लगेच इन्स्टाग्रामच्या तक्रार अधिकाऱ्याकडे तक्रार करा. दुसऱ्याचं सोंग घेतलेला मजकूर हटवायला २०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनी जास्तीत जास्त २४ तास दिले होते. काढलेल्या मजकुराची माहिती कंपनीनं तपासासाठी १८० दिवस जपायची असते, म्हणून दिवाळी होऊ दे, सुगी होऊ दे असं करू नका.

त्या मुलाचा फोटो मात्र कुठेही लावू नका. आज तुमच्याकडे फक्त संशय आहे. उद्या तो दुसराच कुणी निघाला तर न्याय संहितेच्या बदनामीच्या कलम ३५६ खाली तुम्हीच आरोपी व्हाल. त्याचं नाव आणि संशयाचं कारण पोलिसांना सांगा. खातं कुठल्या नंबरावरून उघडलं हे ते कंपनीकडून मागवू शकतात.

लग्नाचे ते फोटो स्क्रीनशॉट घेऊन झाल्यावर 'फक्त मित्रांसाठी' करा, आणि त्यात ज्या इतर मुली दिसतात त्यांच्या घरी कळवा. त्यांचेही फोटो उचलले गेले असतील.

वकिलाच्या फीची चिंता असेल तर बेळगावच्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. महिलेला तिथं उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. अर्ज मुलीच्या नावानं करा.