क्रूझवरची टिप आधीच भरून टाकावी का?

अमेरिकेतून कॅरिबियनच्या क्रूझला चौघं निघाला असाल आणि बुकिंग करताना ‘प्रीपेड ग्रॅच्युइटी’चा, म्हणजे कर्मचाऱ्यांची टिप आधीच भरण्याचा, पर्याय समोर आला असेल, तर माझं मत: भरून टाका.

ही टिप माणशी आणि दररोज लागते, पोराटोरांनाही. रॉयल कॅरिबियन या क्रूझ कंपनीने नोव्हेंबर 2024 मध्ये साध्या केबिनचा दर 18.50 डॉलर केला, स्वीटचा (मोठ्या, महागड्या केबिनचा) 21. त्या दराने चौघांचे सात रात्रींचे 518 डॉलर झाले! आधी भरले नाहीत तर हेच पैसे रोज थोडे थोडे तुमच्या जहाजावरच्या खात्यात चढतात आणि शेवटी बिल बघून तोंडचं पाणी पळतं. शिवाय मधल्या काळात दर वाढला, तरी आधी भरलेल्यांना सहसा जुनाच दर लागू राहतो.

बारमधली टिप मात्र यात धरलेली नसते. रॉयल कॅरिबियनवर ती 18 टक्के, बिलातच लावून येते. तरी पावतीवर खाली जादा टिपेसाठी एक रिकामी ओळ असते. लोक फसतात ते इथेच. तिथे खुशाल रेघ मारा.

रोजची टिप काढून टाकता येते का? बऱ्याच कंपन्यांत जहाजावरच्या गेस्ट सर्व्हिसेसला सांगून येते. मी तरी काढणार नाही. केबिन आवरणारे, वाढपी यांच्यात ती वाटली जाते, आणि त्यांत आपले गोव्याकडचे कितीतरी जण असतात. पगार कंपनीने द्यावा, गिऱ्हाइकाने नव्हे, हे म्हणणं रास्तच आहे. ब्रिटनच्या पी अँड ओ क्रूझेसने 2019 मध्ये ही रोजची टिप बंद करून भाड्यातच धरली.