गच्चीवरचं गाणं, दहाच्या आत

प्रश्न : जानेवारीत आमच्या सोसायटीच्या गच्चीवर गाण्याची संध्याकाळ ठेवतोय. एरियातलीच पाच मुलं-मुली आहेत, स्वतः लिहिलेली, स्वतःच चाल लावलेली गाणी म्हणतात. कमिटी म्हणते जुनी हिट गाणी घ्या नाहीतर कोणी बसणार नाही. दहानंतर चालू ठेवायचं का यावरूनही वाद चाललाय. काय करू?
– एक वाचक, मुलुंड

उत्तर : ताई, दहाचा वाद आधी मिटवा. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर लाउडस्पीकर बंद म्हणजे बंद, आणि दहाच्या आत लावायचा तरी लेखी परवानगी लागते, तेव्हा पोलीस स्टेशनला अर्ज आधीच देऊन ठेवा. धोबी तलावचं रंगभवन, ते उघड्यावरचं थिएटर, आठवतं ना, मुंबईतला रॉक तिथे वाजायचा, पण शाळा-इस्पितळांजवळच्या सायलेन्स झोनमध्ये आलं आणि शो बंद पडले, मला अजून हळहळ वाटते.

सातला सुरू करून साडेआठला संपवा. पन्नासेक माणसांना मोठे स्पीकर लागत नाहीत, सतरंज्या टाका आणि सगळ्यांना अगदी पुढ्यात बसवा. गिटार तासभर आधी वर आणून ठेवायला सांगा, खोलीतून एकदम गार हवेत आली की तारा आकसतात नि सूर चढतो. ढोलकी असेल तर झाकून ठेवा, दवाने चामडं सैल पडतं.

आता कमिटीचं. नवीन गाणं लोक ऐकत नाहीत असं नाहीये हो, शब्दच ऐकू येत नाहीत म्हणून उठतात. गेल्या डिसेंबरात एका गच्चीवर एक मुलगी लोकलमधल्या चौथ्या सीटबद्दलचं, म्हणजे तिघांच्या बाकावर सरकून मिळते त्या जागेबद्दलचं, गाणं म्हणत होती, प्रत्येक कडवं "जरा सरका ना" वर येऊन थांबायचं, आणि मसाला दूध वाटणाऱ्या एक काकू ट्रे हातात धरून तशाच उभ्या राहिल्या, गाणं संपेपर्यंत दुधावर साय धरली होती. त्या रोज सकाळी त्याच डब्यातून जातात म्हणाल्या. हे जुन्या हिट गाण्याने झालं नसतं. हवं तर शेवटी एखादं ओळखीचं घ्या, बाकी सगळी त्यांचीच.

आणि सोसायटीतलीच पोरं म्हणून फुकट गायला लावू नका प्लीज, मंडपवाल्याला देता, केटरिंगवाल्याला देता, मग यांना का नाही? रक्कम आधी ठरवा आणि पाकिटं त्याच रात्री, गिटार बॅगेत जायच्या आत हातात द्या.