सह्यांचा जुना अल्बम: पान कापून फ्रेम करावं का?

प्रश्न: मी न्यू जर्सीत राहते. इथल्या एका एस्टेट सेलमध्ये (घरातल्या जुन्या सामानाच्या विक्रीत) एका मुलीचा 1858 चा ऑटोग्राफ अल्बम मिळाला. आत बऱ्याच सिनेटरांच्या सह्या आहेत, नावाखाली राज्य लिहिलंय, जेफरसन डेव्हिस आणि विल्यम सिवर्ड लागोपाठच्या पानांवर आहेत. मिस्टर म्हणतात डेव्हिसचं पान कापून फ्रेम करू, बाकी विकून टाकू. मुळात एवढ्या मोठ्या लोकांच्या सह्या त्या मुलीला मिळाल्या कशा? आणि खऱ्या असतील का?

उत्तर: ताई, आधी कात्री कपाटात ठेवा, मग बोलू.

सह्या मिळायच्या त्या ओळखीने. मुलगी स्वतः जायलाच पाहिजे असं नव्हतं, वडिलांच्या नाहीतर काकांच्या ओळखीचा कुणी काँग्रेसमन, म्हणजे अमेरिकी संसदेचा सदस्य, असला की त्याच्या हाती अल्बम सोपवायचा आणि तो सहकाऱ्यांपुढे धरायचा. जॉन क्विन्सी अ‍ॅडम्स, माजी राष्ट्राध्यक्ष, त्यांच्याकडे चार्ल्स ओगल नावाच्या काँग्रेसमनने आपल्या मतदारसंघातल्या काही मुलींसाठी सह्या मागितल्या, तर म्हाताऱ्याने नुसती सही न देता 25 कडव्यांची कविताच लिहिली, प्रत्येक कडवं वेगळ्या कागदावर! ओळख नसली तर पोस्ट होतं. ऱ्होड आयलंडच्या अ‍ॅडलिन हॅरिसने 1856 च्या सुमारास, वय असेल सतरा, नामवंतांना पांढऱ्या रेशमाचे तुकडे पाठवून त्यावर सह्या मागवल्या आणि त्यांची गोधडी शिवली. 360 सह्या, त्यात लिंकन धरून आठ राष्ट्राध्यक्ष, आज ती न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये आहे. तुम्हाला तर जवळच, पण कापड नाजूक, कायम मांडलेली नसते, चौकशी करून जा.

तिसरा मार्ग पाकिटांचा. काँग्रेसच्या सदस्यांना तेव्हा पोस्टेज लागत नसे, तिकिटाच्या जागी सही चालायची, मग मुली ती सही कापून अल्बममध्ये चिकटवायच्या. त्यामुळे चिकटवलेली पट्टी दिसली आणि त्यावर 'फ्री' किंवा नावापुढे 'एम. सी.' (मेंबर ऑफ काँग्रेस) असलं तर ती बहुतेक पाकिटावरची.

खरं-खोटं बघायला साधं भिंग घ्या. छापील नक्कल सपाट दिसते, टाकाने केलेल्या सहीत जिथे हात दाबला तिथे रेघ जाड आणि शाई गडद. तेव्हाची मायफळाची शाई काळाने तपकिरी पडते, म्हणून तपकिरी दिसली तर घाबरू नका. सगळ्या नावांचं वळण एकाच हाताचं वाटलं तर मात्र कुणीतरी नुसती नावं उतरवून घेतली असणार. एवढं बघून शेवटचा निर्णय जाणकाराकडून घ्या.

आता कापण्याबद्दल. माझं मत स्पष्ट आहे, कापू नका. 1858 मध्ये डेव्हिस मिसिसिपीचे सिनेटर आणि सिवर्ड न्यूयॉर्कचे, गुलामगिरीवर दोघं समोरासमोर, आणि तरी एका मुलीच्या वहीत शेजारी शेजारी. 21 जानेवारी 1861 ला डेव्हिसनी सिनेटचा निरोप घेतला, पुढच्या महिन्यात ते अमेरिकेतून फुटून निघालेल्या दक्षिणेकडच्या राज्यांचे अध्यक्ष झाले, मार्चमध्ये सिवर्ड लिंकनचे परराष्ट्रमंत्री. डेव्हिसची सुटी सही बाजारात सापडेल हो, पण ही दोन पानं लागोपाठ पुन्हा कुठे मिळणार? आणि फ्रेम करून भिंतीवर लावलं की उजेडाने शाई आणखी उडते ते वेगळंच. मिस्टरांना हवंच असेल तर त्या पानाचा चांगला फोटो काढून तो फ्रेम करा. लॅमिनेशन, सेलोटेप अजिबात नको.

अल्बमची मालकीण कोण होती ते मात्र जरूर शोधा, मला तर सगळ्या सिनेटरांपेक्षा तिचीच जास्त उत्सुकता आहे! पहिल्या पानावर नाव, गाव असेल. 1850 च्या जनगणनेपासून अमेरिकेत घरातल्या प्रत्येक स्वतंत्र माणसाचं नाव नोंदवायला लागले, त्याआधी फक्त कुटुंबप्रमुखाचं असायचं, त्यामुळे ती वडिलांच्या घरात वयासकट सापडू शकते. नाव मिळालं की त्या गावच्या हिस्टॉरिकल सोसायटीला लिहा, आणि विकायचाच झाला तर अख्खा अल्बम आधी त्यांनाच विचारा.